पुढील चाकांची बेअरिंगे व ड्रम ब्रेक (जुन्या मोटारींची देखभाल)

जुन्या मोटारीच्या पुढील चाकाचे हब (चाक ज्यावर बसते तो मधला तुंबा) ज्या दोन बेअरिंगांवर फिरते ती उघडणे, धुणे, तपासणे, नवे ग्रीस भरून ठरावीक ढिलाईने बसवणे आणि त्याच वेळी ड्रमच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या पिंपासारख्या भांड्याच्या) आतील ब्रेक दुरुस्त करणे, अशी ही जोडप्रक्रिया आहे. अनेक मोटारींत हब व ड्रम एकत्रच निघतात. शिवाय बेअरिंग ढिले असेल तर ड्रम डोलतो आणि शूंचे (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानदार पट्ट्यांचे) ड्रमपासूनचे अंतर कितीही नीट लावले तरी ते टिकत नाही. म्हणून ही दोन कामे वेगळी मानणे चूक आहे.

ड्रम ब्रेकच्या उगमाविषयी एकमत नाही. बहुतेक ग्रंथ १९०२ सालचे श्रेय लुई रेनो यांना देतात. तथापि विल्हेल्म मायबाख यांनी त्याआधी, १९००–०१च्या सुमारास, ड्रमचा वापर केल्याचे उल्लेखही आढळतात. मतभेदाचे मूळ बहुधा व्याख्येत आहे. ड्रमवर बाहेरून आवळणारा पट्टा हाही ड्रम ब्रेक मानला तर इतिहास मागे जातो. ड्रमच्या आत फाकणारे शू हे त्याचे लक्षण धरल्यास रेनो यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. आतल्या शूंना पाऊस व चिखल यांपासून आडोसा मिळतो, हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. शू दाबण्यासाठी द्रवदाबाचा वापर माल्कम लॉकहीड यांच्या संशोधनातून पुढे आला व १९२१मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तो लावला गेला. बेअरिंगांपैकी शंक्वाकार (निमुळत्या रोलरांच्या) रोलर बेअरिंगचे अमेरिकी पेटंट हेन्री टिमकेन यांना १८९८मध्ये मिळाले.

ठाणे व नवी मुंबई येथे हौसेने राखलेल्या जुन्या गाड्यांत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० डी व तिचाच पुढचा अवतार प्रीमियर पद्मिनी यांना विशेष स्थान आहे. खाडीकाठची दमट हवा व पावसाळ्यात साचणारे पाणी यांमुळे हबात पाणी शिरून ग्रीस दुधाळ होते, तर महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे शू गंजून ड्रमला चिकटतात.

मागील चाकांना अडण लावून गाडी जॅकने उचलावी व घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी. हबची टोपी, स्प्लिट पिन (नट सैल होऊ न देणारी दुपाखी खीळ), नट व वॉशर काढल्यावर बाहेरचे बेअरिंग हाती येते आणि ड्रम ओढता येतो. तो अडल्यास शूंचा अ‍ॅडजस्टर ढिला करावा. बेअरिंग केरोसिनने धुऊन वाळवावे, पण हवेच्या झोताने गरगर फिरवू नये. रोलर वा रेसवर (रोलर जिच्यावर फिरतात त्या कडीवर) खड्डे किंवा तापल्याची निळसर झाक दिसल्यास ते रेससह बदलावे. रोलर धरणाऱ्या पिंजऱ्यातून पलीकडे बाहेर येईपर्यंत तळहाताने ग्रीस दाबावे. वेगळ्या प्रकारचे जुने ग्रीस त्यात मिसळू नये. ऑइल सील मात्र नवेच घालावे, कारण तेथून झिरपणारे ग्रीस लायनिंगवर (शूवरील घर्षणाच्या अस्तरावर) गेले की ब्रेक एका बाजूला ओढू लागतो. शंक्वाकार बेअरिंगाचा नट चाक फिरवत आवळून पुन्हा किंचित सोडावा लागतो; जेमतेम हाताला जाणवेल एवढाच प्ले (ढिलाई) राहावा. नेमकी मापे त्या-त्या मॉडेलची असतात. स्प्लिट पिन दुसऱ्यांदा वापरू नये.

जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यामुळे ड्रममधील धूळ फुंकून उडवण्याची गॅरेजांतील सर्रास पद्धत धोक्याची आहे. ही धूळ ओल्या फडक्याने पुसावी. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले असेल तर दोन्ही चाकांचे शू एकदमच बदलावेत. ड्रममधील चरे लेथवर काढता येतात. वागळे इस्टेट व ठाणे–बेलापूर पट्ट्यात अशी कामे करणाऱ्या लहान यंत्रशाळा आहेत. ड्रमच्या कमाल व्यासाची मर्यादा मात्र ओलांडू नये. व्हील सिलिंडरच्या (द्रवदाबाने शू फाकवणाऱ्या नळकांड्याच्या) रबरी टोपीखाली ओल दिसल्यास रबरे बदलावीत व त्यांना खनिज ग्रीस लावू नये, कारण त्याने ती फुगतात. ब्रेकची नळी उघडली असेल तर शेवटी एअर (तीत शिरलेली हवा) काढावी लागते.