सीए नेमका कोणाचा माणूस?

शेअर बाजारात नोंदलेल्या कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि ताळेबंदाच्या पानाच्या तळाशी बघा. डावीकडे 'सोबतच्या आमच्या अहवालानुसार' अशा अर्थाची ओळ, खाली लेखापरीक्षक फर्मचे नाव, भागीदाराची सही आणि त्याचा सदस्य क्रमांक. उजवीकडे संचालक, कंपनी सेक्रेटरी आणि मुख्य वित्त अधिकारी, म्हणजे सीएफओ. डावीकडची सही करणारा सीए असतो आणि उजवीकडचा सीएफओही बहुतेक वेळा सीएच असतो. एकाच परीक्षेला बसलेली, एकाच संस्थेची ही माणसे. एकाने हिशेब बनवायचा, दुसऱ्याने तो तपासायचा. कायद्याने मात्र या दोघांची दखल एकाच वेळी घेतलेली नाही. डाव्या बाजूला शंभर वर्षांचा जुना मान आहे, तर उजवीकडच्या सीएफओला कंपनी कायद्यात नाव मिळाले ते परवा-परवा.

त्याआधी काय होते? आपल्याकडे हिशेबाची परंपरा जुनीच. शिवकाळात मुजुमदार होता, पेशवाईत फडणीस होता, पेशवे दफ्तरातल्या मोडी रोजकीर्दी आजही पुण्यात जपून ठेवलेल्या आहेत. सावकारी पेढीवर दिवाणजी कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंद, लिही, त्यावरून खतावणी, म्हणजे खातेवार मांडणी, करी आणि दिवाळीला वही पूजून नवे वर्ष सुरू होई. पण पेढीचा मालक रोज गादीवर बसलेला असे. पैसा त्याचा, वही त्याची, शंका आली तर दिवाणजीला समोर बसवून ताळा घ्यायचा. बाहेरच्या माणसाला बोलावून हिशेब तपासून घेण्याची गरजच नव्हती.

ती गरज जॉइंट स्टॉक कंपनीने निर्माण केली. १८५७ च्या कंपनी कायद्याने भागधारकाची जबाबदारी मर्यादित झाली आणि ज्याने गिरणीचे तोंड पाहिलेले नाही असा माणूसही गिरणीचा मालक होऊ लागला. लगोलग मुंबईने त्याची किंमत मोजली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, बॅक बेचा समुद्र बुजवण्याच्या योजनेचे शेअर अफाट भावाने विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. शेअरच्या तारणावर वारेमाप कर्जे दिलेली बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आपला पैसा दुसऱ्याच्या हाती असेल तर त्याच्यावर नजर ठेवणारा तिसरा हवा, हे या शहराला तेव्हा पुरते कळले होते. तो तिसरा कोण, त्याची लायकी काय, हे ठरायला मात्र १९१३ चा कंपनी कायदा यावा लागला.

या कायद्याखाली लेखापरीक्षकाला सरकारी दाखला लागू लागला. दाखले दोन प्रकारचे. एक अनिर्बंध, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात चालणारा. दुसरा मर्यादित, फक्त त्या प्रांतापुरता आणि दाखल्यात लिहिलेल्या भाषांतल्या हिशेबांपुरता. मला हा दुसरा प्रकार फार बोलका वाटतो. कंपन्यांचे हिशेब देशी भाषांच्या वह्यांत होते, ते वाचू शकणारी माणसे होती, पण त्यांना दर्जा दुय्यम. मोठ्या कंपन्यांचे काम जाई ते विलायतेत शिकून आलेल्यांकडे.

ही कोंडी फोडण्याची सुरुवात मुंबईतच झाली. १९१३ साली सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय निघाले आणि १९१८ मध्ये मुंबईत जीडीए, म्हणजे गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, सुरू झाला. ही परीक्षा आणि मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, एवढे केले की इथेच शिकून अनिर्बंध दाखला. मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ मध्ये जीडीए झाल्या, देशातल्या पहिल्या महिला अकाउंटंट. स्वातंत्र्यचळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला होता आणि तुरुंगात जाऊन आलेल्यांची नोंदणी करायची नाही असा नियम आडवा आला. त्यांनी दाद मागितली आणि नाव नोंदवून घेतलेच. १९३२ च्या नियमांनी 'रजिस्टर्ड अकाउंटंट' आले. पुढे १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा लागू झाला आणि सरकारी दाखल्याऐवजी व्यवसायाचीच संस्था उभी राहिली. जी. पी. कापडिया तिचे पहिले अध्यक्ष. बोधचिन्हावर गरुड, खाली कठोपनिषदातले 'य एष सुप्तेषु जागर्ति'. झोपलेल्यांमध्ये जागा असणारा तो.

हे सगळे बाहेरून तपासणाऱ्याबद्दल. कंपनीच्या आतला हिशेबनीस तोवर कारकूनच होता. कंपनीचा कारभार करारावर एखाद्या पेढीकडे सोपवण्याच्या, म्हणजे मॅनेजिंग एजन्सीच्या, काळात मोठे निर्णय एजंटांच्या घराण्यात होत आणि अकाउंट्स खाते झालेल्या व्यवहाराची नोंद करी. आतल्या माणसाला पहिली किंमत आली ती दुसऱ्या महायुद्धात. सरकार खर्च अधिक ठरावीक नफा या बोलीवर माल घेऊ लागले, तेव्हा 'खर्च' म्हणजे नेमका किती, हा प्रश्न लाखमोलाचा झाला. १९४४ मध्ये कॉस्ट अकाउंटंटांची, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब करणाऱ्यांची, संस्था निघाली, १९५९ मध्ये तिला स्वतंत्र कायदा मिळाला आणि १९६५ च्या दुरुस्तीने ठरावीक उद्योगांना कॉस्ट ऑडिट लागू करण्याची सोय झाली. दरनियंत्रणाच्या त्या जमान्यात सिमेंटच्या पोत्याचा भाव ठरायचा तो या मंडळींच्या आकड्यांवर.

सीएची वाट मात्र करांकडे वळली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर होता. अशा वेळी मालकाला सल्लागार कशासाठी लागत असेल हे सांगायला नको. १९८४ च्या वित्त कायद्याने कलम ४४एबी आणले आणि ४० लाखांवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यालाही टॅक्स ऑडिट सक्तीचे झाले. लक्ष्मी रोडवरच्या कापड दुकानदाराचा सीएशी संबंध आला तो इथे. त्यानंतर काही वर्षांतच प्राप्तिकरासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले आणि दिवाळी ते दिवाळी चालणारी वही पूजेपुरती उरली. सीए म्हणजे रिटर्न भरणारा, ही आपल्याकडची समजूत याच दिवसांची देणगी. व्यवसायाला काम भरपूर मिळाले. भागधारकांचा पहारेकरी ही ओळख मात्र मागे पडली.

महाराष्ट्रात याला एक समांतर प्रवाह आहे. साखर कारखाने, दूध संघ, पतपेढ्या यांचे ऑडिट दीर्घकाळ सहकार खात्याच्या लेखापरीक्षकांकडे होते. संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग मिळे आणि 'आमचा कारखाना अ वर्गात' हे वाक्य सर्वसाधारण सभेत टाळ्या घेई. त्यासाठी जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशेब या विषयांची सरकारी पदविका, ही वेगळी परीक्षा, आजही चालू असलेली. २०१३ पासून संस्थांना सरकारमान्य यादीतून आपला लेखापरीक्षक स्वतः निवडता येऊ लागला. म्हणजे सरकारी तपासनीसाच्या जागी तपासून घेणाऱ्याने नेमलेला तपासनीस. हा बदल मला सरसकट सुधारणेचा वाटत नाही.

कंपन्यांच्या बाबतीत हाच प्रश्न तोवर ऐरणीवर आलाच होता. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली: ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. एवढी शिलक तपासायची रीत तशी साधी आहे. लेखापरीक्षकाने बँकेला थेट पत्र लिहायचे आणि उत्तर थेट आपल्याकडे मागवायचे. ती पत्रे कंपनीच्या हातून गेली-आली की तपासणीला अर्थ राहत नाही.

२०१३ चा कंपनी कायदा या धक्क्यानंतरचा. लेखापरीक्षक फर्मला सलग १० वर्षांनंतर बाजूला होण्याची सक्ती झाली, मोठी संशयास्पद अफरातफर सरकारला कळवणे बंधनकारक झाले आणि २०१८ मध्ये एनएफआरए हे लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र नियामक प्राधिकरण आले. उजव्या बाजूची सहीही आता मोकळी राहिली नाही. कलम २०३ ने सूचिबद्ध कंपन्यांना पूर्णवेळ सीएफओ नेमणे भाग पाडले आणि कीर्द-खतावणीतल्या त्रुटीसाठी दंडाला पात्र ठरणाऱ्यांत त्याची गणना झाली. १ एप्रिल २०२३ पासून तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे आणि तो बंद केला होता का, हे लेखापरीक्षकाने अहवालात लिहिलेच पाहिजे.

एक गोष्ट तेवढी बदललेली नाही. लेखापरीक्षकाचा मोबदला ठरवण्याचा अधिकार कायद्याने सर्वसाधारण सभेचा आहे. सभेत ठराव येतो तो असा: मोबदला ठरवण्याचे अधिकार संचालक मंडळाला देण्यात येत आहेत. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.