नदी सुधार आणि नदीकाठ सुधार: पुण्यातील दोन वेगळे प्रकल्प

पुण्यात मुळा-मुठेच्या नावाने दोन मोठे प्रकल्प सुरू आहेत आणि बोलताना दोन्हींना सर्रास ‘नदी सुधार’ म्हटले जाते. या गोंधळाला कारणही आहे, कारण दोन्हींची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते एकाच दिवशी, ६ मार्च २०२२ रोजी झाली. परंतु एकाचा संबंध नदीतील पाण्याशी आहे आणि दुसऱ्याचा मुख्यतः काठाशी.

पहिला प्रकल्प प्रदूषण नियंत्रणाचा. त्यासाठी जानेवारी २०१६ मध्ये ‘जायका’ या जपानी संस्थेशी कर्जकरार झाला, म्हणून पुणेकर त्याला ‘जायका प्रकल्प’ म्हणूनच ओळखतात. दररोज सुमारे ४०० दशलक्ष लिटर एकत्रित क्षमतेची ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे, हा त्याचा गाभा. केंद्रात आलेले पाणी आधी जाळ्यांतून जाते, तेथे प्लास्टिक आणि चिंध्या अडकतात. पुढे वाळू खाली बसते. खरे काम त्यानंतरच्या टाकीत होते. तेथे तळातून सतत हवा सोडली जाते, कारण मैल्यातील सेंद्रिय पदार्थ खाणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू लागतो. प्रक्रिया न केलेला मैला थेट नदीत गेला, तर जीवाणू हेच काम नदीत करतात, पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. टाकीतील तपकिरी, फेसाळ पाणी स्थिर होऊ दिले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळलेले पाणी निर्जंतुक करून सोडले जाते. हवा देणारे पंखे चोवीस तास विजेवर चालतात. त्यामुळे केंद्राचे उद्घाटन होण्याइतकेच ते अखंड चालणेही महत्त्वाचे आहे.

दुसरा प्रकल्प नदीकाठाचा असून त्याचा एकूण आराखडा सुमारे ४४ किलोमीटरचा आहे. पायाभरणी झाली ती त्यातील ९ किलोमीटरच्या, १,०८० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या कामाची. प्रदूषण नियंत्रणाच्या प्रकल्पाचा खर्च तेव्हा १,४७० कोटींहून अधिक सांगितला गेला. काठांचे संरक्षण, नागरिकांसाठी सुविधा, नौकाविहार अशी कामे काठाच्या प्रकल्पात येतात. पात्र अरुंद होऊन पूरपातळी वाढेल आणि काठावरची झाडे जातील, हे पर्यावरण कार्यकर्त्यांचे आक्षेप प्रामुख्याने याच प्रकल्पावर आहेत. ते गंभीरपणे घेण्यासारखे आहेत, असे मला वाटते.

दोन्ही प्रकल्प एका ठिकाणी जोडले जातात. नाल्यांतून नदीत उतरणारे मैलापाणी काठावरच अडवून केंद्राकडे वळवणाऱ्या वाहिन्या काठाच्या प्रकल्पातही आहेत. मात्र त्या वाहिन्यांच्या टोकाला पुरेशा क्षमतेचे चालू केंद्र नसेल, तर अडवलेला मैला पुढे नदीतच जाईल. म्हणून माझ्या मते केंद्रे आधी पूर्ण व्हावीत आणि काठाचे काम त्यामागून यावे.

पुण्यात हा क्रम अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण मुठेवर खडकवासला धरण आहे आणि तेथील पाणी शहराला व कालव्याला दिले जाते. पावसाळा संपला की धरणाखालच्या पात्रात प्रामुख्याने नाल्यांचेच पाणी उरते. मैला विरळ करील असा नदीचा स्वतःचा प्रवाह जवळजवळ नसतो. उन्हाळ्यात पात्रावर पसरणारी जलपर्णी मैल्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसली जाते. ती यंत्राने काढली तरी पोषण तसेच राहिल्याने पुन्हा वाढते.

पाणी खरोखर सुधारले का, हे जैविक प्राणवायू मागणीच्या (बीओडी), म्हणजे पाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाताना जीवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूच्या, आकड्यावरून कळते. स्नानयोग्य नदीसाठी ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंतच असावी लागते, तर घरगुती मैलापाण्यात ती साधारण २०० ते ३०० असते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीच्या जलाशयात जाते. तेव्हा हा आकडा पुण्याखालच्या नदीत किती भरतो, हा प्रश्न दौंडच्या शेतकऱ्याचा आणि उजनीवर तहान भागवणाऱ्या सोलापूरकराचाही आहे.