डाउनग्रेड (गेम कन्सोलच्या फर्मवेअरचे)

गेम कन्सोलवर नव्या फर्मवेअरच्या (यंत्र चालवणाऱ्या अंतर्गत प्रोग्रामच्या) जागी आधीच्या आवृत्तीचे फर्मवेअर पुन्हा बसवणे म्हणजे डाउनग्रेड. ‘अवनती’ हा प्रतिशब्द कोशात शोभतो, पण कन्सोल उघडून काम करणारे डाउनग्रेडच म्हणतात आणि येथेही तोच शब्द ठेवला आहे. मॉड केलेल्या (मूळ रचनेत फेरफार केलेल्या) कन्सोलवर अपडेट घेतानाही ही परतीची वाट मोकळी ठेवण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत प्रामुख्याने केला आहे.

परत फिरण्याची गरज साधारणपणे दोन कारणांनी पडते. एक म्हणजे जुन्या आवृत्तीत सुरक्षेची फट असते, स्वतः लिहिलेले प्रोग्राम (होमब्रू) तिच्यातून चालतात आणि नवे अपडेट ती बुजवते. दुसरे कारण म्हणजे अपडेट कधीकधी असलेली सोय काढून घेते. सोनीने १ एप्रिल २०१० रोजी ३.२१ आवृत्ती आणून प्लेस्टेशन ३ वरील ‘अदरओएस’ काढून टाकले. त्याच सोयीने त्या यंत्रावर लिनक्स बसवता येत असे. अपडेट न घ्यावे तर ऑनलाइन खेळणे बंद होई. विकत घेतलेल्या वस्तूचा गुण नंतर कमी करता येतो का, हा प्रश्न त्यातून अमेरिकेतील न्यायालयात गेला आणि तडजोडीने मिटला.

डाउनग्रेडचा आरंभ कोठून धरावा हे व्याख्येवर अवलंबून आहे. मागे जाण्याची कोणतीही युक्ती मोजली, तर सोनीच्या पीएसपीचे उदाहरण लवकरचे आणि ठळक ठरते. डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आलेल्या या यंत्राच्या १.०० आवृत्तीवर होमब्रू सरळ चालत असे; १.५० वर थोड्या खटपटीने चाले. २.०० आवृत्तीने ब्राउझर दिला, पण हा दरवाजा लावला. सप्टेंबर २००५ मध्ये त्याच आवृत्तीच्या टिफ चित्र वाचणाऱ्या भागात चूक सापडली आणि तिच्या आधारे २.०० वरून १.५० वर नेणारा प्रोग्राम निघाला. पुढच्याच महिन्यात डाउनग्रेडरचे सोंग घेतलेला एक ट्रोजनही पसरला. तो फ्लॅशमधील (यंत्राच्या कायमस्वरूपी मेमरीतील) आवश्यक फाइली पुसून यंत्र कायमचे निकामी करी. २००७ मध्ये ‘पँडोरा’ बॅटरी आली. बॅटरीतील अनुक्रमांक ठरावीक मूल्यावर आणला की पीएसपी सर्व्हिस मोडमध्ये सुरू होऊन मेमरी स्टिकवरून बूट होई. टीए-०८८ बोर्डाच्या तिसऱ्या आवृत्तीवर आणि पीएसपी-३००० वर मात्र ही युक्ती चालली नाही.

पीएसपीवर मागे जाणे म्हणजे अखेर फ्लॅशवर जुन्या फाइली लिहिणे. आपण पुढे गेलो होतो याची न पुसणारी खूण यंत्रात राहत नव्हती. जिथे निर्माता मुद्दाम परतीची वाट मोजून बंद करतो, तिथूनच डाउनग्रेड हा स्वतंत्र तांत्रिक प्रश्न बनतो असे मानले, तर आरंभ एक्सबॉक्स ३६० पासून धरावा लागतो. प्रस्तुत नोंदीचा कल याच मताकडे आहे, कारण पुढील सर्व पद्धती त्या मोजणीला दिलेली उत्तरे आहेत.

ही मोजणी ई-फ्यूजने होते. घरातला फ्यूज उडाला तर तार बदलून काम भागते; चिपमधला फ्यूज एकदा जाळला की शून्याचा एक होतो आणि त्या एकाचा पुन्हा शून्य होत नाही. आयबीएमने हे तंत्र २००४ मध्ये जाहीर केले आणि नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या, आयबीएमनेच घडवलेल्या प्रोसेसरात ते वापरले गेले. तेथे एकूण ७६८ फ्यूज ६४-६४ च्या बारा ओळींत आहेत. शून्यापासून मोजल्यास दुसरी ओळ बूटलोडरची (यंत्र सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) पातळी सांगते. तिसरी ते सहावी या ओळींत प्रत्येक यंत्राची वेगळी ‘सीपीयू की’ (गुप्त किल्ली) असते, दोनदा लिहिलेली. सातवी ते अकरावी या पाच ओळी अपडेटच्या मोजणीसाठी आहेत. एका मोजणीला चार फ्यूज लागत असल्याने ३२० फ्यूजमध्ये ८० मोजण्या बसतात. फ्लॅशवरील फर्मवेअरमध्येही तोच आकडा असतो. दोन्ही जुळले नाहीत तर यंत्र सुरू होत नाही.

४५३२ आणि ४५४८ या क्रमांकांच्या कर्नलमध्ये (फर्मवेअरच्या गाभ्यामध्ये) हायपरव्हायजरची, म्हणजे इतर सर्व प्रोग्रामवर पहारा ठेवणाऱ्या भागाची, मोठी चूक होती. ९ जानेवारी २००७ च्या ४५५२ ने ती दुरुस्त केली. त्यामुळे ४५५२ वरून मागे येण्याला एकाएकी मोल आले. २००७ मध्येच सापडलेला उपाय येथे विस्ताराने सांगण्यासारखा आहे. मोजणीचा आकडा सीपीयू कीने काढलेल्या १६ बाइटच्या हॅशने (पडताळणीच्या ठशाने) राखलेला असतो. की माहीत नसताना तो हॅश आंधळेपणाने शोधणे अशक्यच. पण बूटलोडर हॅशची तुलना एकेक बाइट करीत जाई आणि पहिल्या चुकीच्या बाइटला थांबे. म्हणजे बरोबर बाइट असेल तर नकार यायला किंचित उशीर लागे. हा उशीर मोजून प्रत्येक बाइट स्वतंत्रपणे ओळखता येतो. एका बाइटला जास्तीत जास्त २५६ प्रयत्न, म्हणून सोळांना मिळून ४,०९६. सगळे रक्षण चोख असताना केवळ वेळेच्या गळतीने वाट उघडते याचे इतके स्वच्छ उदाहरण कन्सोलच्या इतिहासात क्वचितच मिळेल. एकदा जुन्या कर्नलवर येऊन सीपीयू की वाचली, की पुढे कोणत्याही आवृत्तीचे फर्मवेअर यंत्रावरील फ्यूजशी जुळणारा आकडा घालून स्वतः बांधता येते.

याच यंत्रावर प्रतिबंधाचाही एक उपाय रूढ झाला. मुख्य बोर्डावरील आर६टी३ हा बारीक रेझिस्टर काढला की फ्यूज जाळण्यासाठी लागणारा विद्युत्पुरवठा तुटतो. अपडेट चुकून सुरू झाले तरी फ्यूज शाबूत राहतात. ऑगस्ट २०११ मधील ‘रीसेट ग्लिच’ पद्धतीने प्रोसेसरच्या रीसेट तारेवर सुमारे १०० नॅनोसेकंदांचा झटका देऊन हॅशच्या तुलनेचा निकालच चुकवला आणि अपडेट झालेली यंत्रेही पुन्हा आवाक्यात आणली.

निन्टेन्डो स्विचमध्ये (मार्च २०१७) हीच कल्पना एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स१ चिपवर अधिक काटेकोरपणे राबवलेली दिसते. १.०.० साठी एक फ्यूज जळालेला असावा लागतो, ३.०.० साठी तीन, ३.०.१ साठी चार, ४.०.० ला पाच, ५.०.० ला सहा, ६.२.० ला आठ, ८.१.० ला दहा, ९.०.० ला अकरा. सुरू होताना निन्टेन्डोचा बूटलोडर ते मोजतो. अपेक्षेपेक्षा कमी असतील तर उरलेले जाळतो आणि जास्त असतील तर तिथेच थांबतो. म्हणून ५.१.० वरून ५.०.० वर येताना फ्यूज आड येत नाही, पण ४.१.० वर येताना येतो.

एप्रिल २०१८ मध्ये रीस्विच्ड आणि फेलओव्हरफ्लो या दोन गटांनी टेग्राच्या बूट रॉममधील यूएसबीची चूक प्रसिद्ध केली. दोघांना ती स्वतंत्रपणे सापडली होती. बूट रॉम कारखान्यातच कोरलेला असल्याने विकली गेलेली यंत्रे अपडेटने दुरुस्त होऊ शकत नव्हती. २०१८ च्या मध्यापासून निघालेल्या यंत्रांत ही चूक बुजवली गेली आणि ती डागडुजीही कारखान्यात फ्यूज जाळूनच केली गेली. जुन्या यंत्रांवर या चुकीमुळे निन्टेन्डोचा बूटलोडर अजिबात न चालवता ॲटमॉस्फिअरसारखे त्रयस्थांनी बनवलेले फर्मवेअर सुरू करता येते. मोजणारा आणि जाळणारा तोच बूटलोडर असल्याने, तो चाललाच नाही तर फ्यूज जळत नाहीत. फर्मवेअर कितीही पुढचे असले तरी हे खरे आहे. अपडेट घेऊनही परतीची वाट राखण्याचे मर्म एवढेच आहे.

अडचण येते ती विसरण्याने. यंत्र एकदा जरी नेहमीच्या रीतीने सुरू झाले, तरी फ्यूज जळतात. यावर ‘ऑटो-आरसीएम’ची योजना झाली. अंतर्गत मेमरीच्या बूट विभागातील काही बाइट मुद्दाम बिघडवतात, त्यामुळे बूट रॉमची पडताळणी फसते आणि यंत्र दर वेळी रिकव्हरी मोडमध्येच उघडते. मात्र त्या अवस्थेत चार्जिंग फार मंद होते, हा जाच वापरणाऱ्यांनी सोसला आहे. शिवाय सेटिंगमधून घेतलेले अधिकृत अपडेट हा बूट विभाग नव्याने लिहिते आणि संरक्षण पुसून जाते. चॉइदुजूरएनएक्ससारखी साधने, पुढे खुद्द ॲटमॉस्फिअरमधील डेब्रेक, इंटरनेटशिवाय अपडेट बसवू लागली ती यासाठी. २०१९ पासून ईएमयूएमएमसीमुळे अंतर्गत मेमरीची नक्कल मायक्रोएसडी कार्डावर चालवता येते; कार्डावरील प्रत पुढे न्यावी आणि आतली जशी आहे तशी ठेवावी, हा आज अधिक निर्धोक मार्ग म्हणावा लागेल.

फ्यूज वाचले म्हणजे सर्व वाचले असे नाही. स्विचच्या गेम कार्ड वाचणाऱ्या कंट्रोलरला स्वतःचे फर्मवेअर असते. ४.०.० ते बदलते, ९.०.० पुन्हा बदलते आणि हा बदल मागे घेता येत नाही. मग ४.०.० पूर्वीच्या आवृत्तीवर परतल्यावर यंत्र चालते, पण कार्डे वाचत नाही. ‘नोजीसी’ पॅचने (फर्मवेअरमधील छोट्या बदलाने) कार्डाची खाच पूर्ण बंद ठेवली तरच कंट्रोलर जुना राहतो. झोपेतून उठतानाही यंत्र फ्यूज तपासते. फ्यूज जास्त जळालेल्या यंत्रावर जुने फर्मवेअर चालवणाऱ्यांचा स्लीप मोड म्हणूनच सुरुवातीला बंद पडत असे. ती उणीव नंतर दूर झाली.

कोणत्याही पद्धतीआधी फ्लॅशची पूर्ण प्रत काढतात. एक्सबॉक्स ३६० च्या बहुतेक बोर्डांवर ती १६ मेगाबाइटची असते. दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्याशिवाय पुढे जात नाहीत. स्विचवर ३२ गिगाबाइट मेमरीबरोबर बूट०, बूट१ हे विभाग वेगळे जपावे लागतात. प्रत त्या एकाच यंत्राच्या कीने कुलूपबंद असते, त्यामुळे एकाची प्रत दुसऱ्याच्या कामी येत नाही. ‘प्रॉडइन्फो’ विभागात त्या यंत्राची प्रमाणपत्रे असतात आणि तो गमावला तर भरून काढता येत नाही.

कायद्याची स्थिती देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेत डिजिटल कुलपे तोडण्यास मनाई करणारा १९९८ चा डीएमसीए हा कायदा लागू होतो. कन्सोलसाठी मागितलेली व्यापक सवलत २०१२ मध्ये नाकारली गेली आणि २०२१ मध्ये ऑप्टिकल ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती सवलत मिळाली. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तांत्रिक कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. मात्र त्यासाठी कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असावा लागतो.