टिळा, माळ आणि मनातला भाव

धर्माची बाह्य चिन्हे आणि मनातील श्रद्धा यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. कोणी टिळा पाहून माणसाला भाविक ठरवतो, तर कोणी तोच टिळा पाहून त्याला ढोंगी म्हणतो. दोघेही कपाळावरून मनाचा निकाल लावतात.

चिन्ह सांगते ते संप्रदायाबद्दल. नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडावर स्नानाला उतरणाऱ्या वैष्णव साधूंच्या कपाळी उभे गंध असते, तर त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात उतरणाऱ्या शैव साधूंच्या कपाळी भस्माचे तीन आडवे पट्टे असतात. त्यामुळे साधू कोणत्या परंपरेचा आणि त्याचे स्नान कोठे, हे पाहताक्षणी कळते. त्याची ईश्वरावर निष्ठा किती, हे सांगण्याचे काम त्या गंधाकडे कोणी सोपवलेलेच नाही.

वारकऱ्याची तुळशीमाळ याच्या एक पाऊल पुढे जाते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या दिंड्यांतील माळकऱ्याने मद्यमांस सोडण्याचा, एकादशी धरण्याचा आणि पंढरीची वारी करण्याचा नेम पत्करलेला असतो. म्हणून माळ ही ओळखीबरोबरच चारचौघांत दिलेला शब्दही असते, आणि तो पाळला जातो की नाही हे शेजारीपाजारी पाहू शकतात. मात्र त्यांना दिसते ते आचरण. लोक काय म्हणतील या धाकाने उपवास करणारा आणि ओढीने करणारा, दोघांच्या ताटात भगरच असते. तरीही माळेला केवळ देखावा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण मन कोरडे पडलेल्या दिवसांत पुष्कळदा नेमच माणसाला धरून ठेवतो. श्रद्धा मात्र माळेवाचूनही असू शकते. गळा मोकळा असणे हा तिच्या अभावाचा पुरावा नव्हे, आणि तिच्या शुद्धतेचाही नव्हे. हा दुसरा गैरसमज हल्ली सुशिक्षितांत अधिक आढळतो.

नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेला सत्याग्रह येथे विशेष बोलका आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा लढा रामदर्शनाच्या ओढीतून झाला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु १९३४ मध्ये आपले सहकारी भाऊराव (दादासाहेब) गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण ही चळवळ सुरू केली नव्हती. त्यांच्यात चेतना यावी आणि आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, हा तिचा हेतू होता. मंदिरप्रवेशासारखी बाह्यतः पूर्ण धार्मिक दिसणारी कृती अशा रीतीने नागरिक म्हणून समान हक्क मागण्याची कृती होती. दार अडवणाऱ्यांनीही आत जाऊ पाहणाऱ्यांच्या मनातील भाव तपासला नव्हता. त्यांनी पाहिली ती जात.