आंघोळ आधी की चहा?

आप्पांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजीचं काम केलं. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा आणि मालाबद्दल दोन वाक्यांत निकाल द्यायचा, असा त्यांचा खाक्या. गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि घरी रुग्णसेवेच्या ब्युरोकडून बारा तासांच्या ड्युटीला एक मुलगा येऊ लागला. सेवेत काहीच कमी नव्हतं. आठला आंघोळ, साडेआठला नाष्टा, गोळ्या वेळेवर. पेपरसुद्धा तोच वाचून दाखवायचा. आणि आम्ही सगळे घोकत होतो, "आप्पा, आता तुम्ही काही करायचं नाही, नुसता आराम करा."

दोन महिन्यांत आप्पा गप्प झाले. रडणं नाही, तक्रार नाही. भाजी कुठली करू विचारलं की म्हणायचे, "मला काय विचारता? द्याल ते खाईन." किती समजूतदार झालेत, असं आम्हाला वाटलं. ती धोक्याची घंटा होती.

म्हातारपणातलं नैराश्य दु:खी चेहऱ्यानं समोर येईलच असं नाही. अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही, कशात मन लागत नाही, अशा बोलण्यामागे ते लपतं. पण झोप, भूक, थकवा हे वयानंही बिघडतं. म्हणून १९८०च्या दशकात ज्येष्ठांचं नैराश्य ओळखण्यासाठी जी प्रश्नावली तयार झाली, तिच्यात शरीराच्या तक्रारी मुद्दाम बाजूला ठेवल्या. तिच्या छोट्या आवृत्तीत १५ प्रश्न आहेत आणि उत्तरं फक्त हो किंवा नाही. आवडीची कामं सोडून दिलीत का? असहाय वाटतं का? आमच्या डॉक्टरांनी हे प्रश्न विचारले, थायरॉइड, बी-१२ आणि कान तपासून घेतले. (कान तपासाच. ऐकू न येणारं माणूस गप्पांतून अंग काढून घेतं आणि घरच्यांना वाटतं की रुसलंय.) बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मग डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, "दिवसभरात आजोबा स्वतः काय काय ठरवतात?"

आम्हाला एकही गोष्ट सांगता येईना.

या प्रश्नामागे मोठं संशोधन आहे. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केलं तरी न थांबणारे विजेचे झटके सोसलेले बरेचसे कुत्रे, पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागचे हलले नाहीत. हतबल राहायला ते शिकले, असा अर्थ तेव्हा लावला गेला. मायर मात्र पुढे कित्येक वर्षं उंदरांच्या मेंदूत या कोड्याचा माग काढत राहिले, आणि २०१६ मध्ये दोघांनी मिळून आपलंच म्हणणं उलटं केलं. त्रास लांबला की निपचित होणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, मेंदूच्या देठातल्या सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी ती घडवून आणतात. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: आपल्या करण्यानं फरक पडतो, ही. कपाळामागचा मेंदू ती ओळखतो आणि त्या पेशींना आवर घालतो.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नये, हे खरं. पण मोडलेलं हाड, सुया, अंगावरून फिरणारे परके हात, हे सगळं आप्पांच्या बाबतीत नुसतं घडत होतं आणि उरलेलं आम्ही प्रेमानं काढून घेतलं होतं.

माणसांवरचे दोन अभ्यास १९७६चे आहेत. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमची खोली, तुमचे निर्णय, आणि हे रोप तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. तीन आठवड्यांनी पहिला मजला जास्त उत्साही दिसला. मला स्वतःला रिचर्ड शुल्झ यांचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट आपल्या घरात येतो. कॉलेजची मुलं वृद्धांना भेटायला जायची. काहींना कधी आणि किती वेळ भेटायचं ते ठरवता यायचं, काहींना निदान आधी कळायचं. काहींकडे मुलं तितकीच जायची, पण न सांगता. पहिल्या दोन्ही गटांची तब्येत आणि मन सुधारलं. न सांगता भेटी मिळालेले मात्र, ज्यांना कुणीच भेटत नव्हतं त्यांच्यासारखेच राहिले. माया तेवढीच, पण वाट बघायला काही नाही.

पुढे भेटी थांबल्या, तेव्हा ज्यांना फायदा झाला होता तेच झपाट्यानं खालावले. ब्युरोचा माणूस न सांगता बदलतो, तेव्हा घरात काय होत असेल याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

आम्ही छोट्या गोष्टी बदलल्या. ब्युरोचा मुलगा रोज विचारू लागला, "आप्पा, आंघोळ आधी की चहा?" दोनच पर्याय, कारण मोकळं विचारलं की "द्याल ते" ठरलेलं. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहायचं काम आप्पांकडे गेलं. मग एके दिवशी त्या मुलानं काकांच्या शेतातलं हळकुंड खिशातून आणलं. आप्पांनी ते अंगठ्यानं चोळलं, कानाजवळ नेऊन मोडलं आणि खिडकीकडे धरलं. "आवाज दबका आला. काकाला सांग, अजून दोन उन्हं दे." कित्येक आठवड्यांनी ते आपणहून बोलले होते.

शेजारच्या गोव्यात झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या उंबरठ्यावरच्या, साठीपुढच्या १८१ जणांपैकी निम्म्यांना साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी अडचणी एकेक करून सोडवायला, झोप सुधारायला आणि मधुमेहासारखे आजार सांभाळायला शिकवलं. वर्षभरात त्यांच्यापैकी सुमारे ४ टक्क्यांना पूर्ण नैराश्य आलं, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत सुमारे १४ टक्क्यांना. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, म्हणून मला हा आकडा फार मोलाचा वाटतो.

"आता देवानं न्यावं" असं कुणी वारंवार म्हणत असेल, तर म्हातारी माणसं म्हणतातच, असं समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. औषध लागलं तर तेही घ्यावं. गुण यायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरावा.

दिवाळीनंतर आमच्याकडच्या ब्युरोच्या मुलाला दुसरीकडे नोकरी लागली. ब्युरोला सांगून नव्या मुलाला दोन दिवस आधीच बोलावलं, दोघं मिळून आले. ओळख आप्पांनीच करून घेतली. "आंघोळ चहानंतर," ते म्हणाले, "आणि दूध किती घेतलं ते मला विचारल्याशिवाय लिहायचं नाही."