फेलटूबॅन (मेल सर्व्हरवरचा वापर)

फेलटूबॅन हा लिनक्स सर्व्हरवर चालणारा फुकट, ओपन सोर्स प्रोग्रॅम, पायथनमध्ये लिहिलेला, सिरिल जाकिए याने २००४ साली सुरू केलेला. लॉगिनचा पासवर्ड सारखा चुकवणाऱ्या आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) काही काळ फायरवॉलवर अडवायचं, एवढंच त्याचं काम.

मेल सर्व्हर पब्लिक आयपीवर उभा केला की थोड्याच वेळात लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) इन्फो, ॲडमिन, सेल्स असल्या नावांनी लॉगिनचे प्रयत्न दिसायला लागतात. हे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम असतात, कुठून कुठून फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या घेऊन फिरणारे, आणि तुमचे मेल वाचण्यापेक्षा त्यांना तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम पाठवायचा असतो. एखादं खातं गावलं की रात्रीत स्पॅमचा पूर सुटतो, आयपी स्पॅमहॉससारख्या ब्लॉकलिस्टवर जातो आणि मग तुमची साधी कोटेशनंसुद्धा गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाहीत.

पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा) फसलेलं लॉगिन लॉगमध्ये लिहितात, फेलटूबॅन तो लॉग वाचत बसतो, रेजेक्स (मजकूर शोधायचा साचा) लावून आयपी उचलतो आणि आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) नियम टाकतो. अशा प्रत्येक सेटिंगला 'जेल' म्हणतात. डिफॉल्ट हिशोब १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी, म्हणजे बॉटसाठी चहाची सुट्टीच. म्हणून 'रेसिडिव्ह' नावाची जेल असते, ती फेलटूबॅनचाच लॉग वाचते आणि दिवसभरात परत परत बॅन झालेल्याला आठवडाभर बाहेर ठेवते.

इन्स्टॉल केलं म्हणजे झालं असं बरेच जण धरून चालतात, पण डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) सुरुवातीला फक्त एसएसएचची (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) जेल चालू असते, मेलच्या जेल आपणच चालू करायच्या. त्यात डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम) आपोआप येत नाही, त्यामुळे मेलची लॉग फाइलच सापडत नाही, तिथे बॅकएंड (लॉग कुठून वाचायचा ते सेटिंग) 'सिस्टमडी' करावा लागतो.

सगळा हिशोब आयपीवर, आणि खरी गोची तिथेच आहे. ऑफिसात एकाने पासवर्ड बदलला पण फोनमध्ये जुनाच राहिला, की तो फोन दर काही मिनिटांनी चुकत राहतो आणि एकाच आयपीमागचं अख्खं ऑफिस बॅन होतं. मोबाइल नेटवर्कवर तर एका आयपीमागे अनोळखी माणसं किती असतील सांगता येत नाही. उलट हुशार बॉटनेट (एकत्र चालणारे पुष्कळ बॉट) प्रत्येक आयपीवरून एकदोनदाच प्रयत्न करतं, ते या जाळ्यात येतच नाही. त्यासाठी लांब पासवर्ड हवेतच, शिवाय पोर्ट २५ वरचं (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तिथलं) लॉगिन बंद करून फक्त ४६५ आणि ५८७ वर (वापरणाऱ्यांनी मेल पाठवायच्या पोर्टवर) ठेवलेलं बरं.

स्वतःचा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी 'इग्नोरआयपी' मध्ये (कधीच बॅन न करायच्या आयपींच्या यादीत) आधी टाकावा. मेलची जेल साधारणपणे मेलचेच पोर्ट अडवते, एसएसएच चालू राहतं, पण रेसिडिव्ह सगळेच पोर्ट बंद करते, मग होस्टिंगवाल्याच्या वेब कन्सोलमधून आत शिरून स्वतःलाच अनबॅन करावं लागतं, मी केलंय.