दगडात शंख सापडले म्हणून नागपुरात समुद्र होता असं नाही

नागपूरच्या टाकळी, सीताबर्डी भागातल्या खडकांत शंख सापडतात. त्यावरून ‘इथे पूर्वी समुद्र होता’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. शंख खरे आहेत, समुद्र मात्र नाही.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा थांबून थांबून वाहत होता. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात खोलगट जागी पाणी साचे, तळी होत, गाळ बसे. पुढचा लाव्हा येऊन त्या गाळावर झाकण पडे. थिजलेल्या लाव्हाच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, दोन थरांमधला हा गाळ 1850च्या दशकात नागपुरात राहणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यांनी बारकाईने तपासला आणि त्यातल्या गोगलगायी, शिंपले गोड्या पाण्यातले आहेत हे मांडलं.

एक नमुना हातात घेऊन बघा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. फायसा नावाच्या गोगलगायीच्या शंखाचं तोंड डाव्या बाजूला उघडतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. फायसाच्या गटाचे वंशज आजही तळ्याडबक्यांत राहतात. याच गाळात गोड्या पाण्यातल्या कारा शेवाळाचे बीजाणूही मिळतात. समुद्रात राहणारे प्रवाळ किंवा अमोनाइट (आता नामशेष झालेले शंखधारी प्राणी) यांचा मात्र पत्ता नाही.

लाव्हांच्या मधल्या थरांत समुद्री खुणा कुठेच नाहीत असं मात्र नाही. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ त्या स्पष्ट मिळतात, कारण किनारा तिथे होता. म्हणून शंख दिसला की आधी तो कुठल्या पाण्यातला, हे विचारायला हवं. टाकळीचा शंख तळ्यातला आहे.